वाढत्या मापाची नको

फॉल्सम, कॅलिफोर्निया
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. बाबांस व ती. आईस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर ओवीच्या गाडीचा विषय निघाला, तेव्हा तुम्हा दोघांना नीट उत्तर देणे मला जमले नाही. आई, तू म्हणालीस की साडेपाच वर्षांच्या पोरीला मोटारसायकल घेऊन देणार हे ऐकूनच तुझ्या पोटात गोळा आला. बाबा, तुम्ही तिच्या मागून फोन घेऊन म्हणालात की घ्यायचीच ठरली असेल तर जरा मोठी घ्या, म्हणजे तीन-चार वर्षे पुरेल. फोनवर या दोन्ही बोलण्यांना मी नुसते "बघू" म्हटले. गेले तीन महिने मी आणि समीर याच विषयात बुडालेलो आहोत आणि त्यातून जे समजले ते फोनवर सांगण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

हे वेड घरात कुठून शिरले ते आधी सांगते. आमच्या घराजवळच प्रेअरी सिटी नावाचे सरकारी मैदान आहे, जिथे मातीत गाड्या चालवायला परवानगी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मोटोक्रॉस (मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या) मालिकेतली 'हँगटाउन' ही जुनी शर्यत १९७९ पासून तिथे भरते. हँगटाउन हे जवळच्या प्लेसरव्हिल गावाचे सोन्याच्या शोधाच्या काळातले टोपणनाव, आणि आई, त्याचा अर्थ तुला सांगितला तर तू हे पत्र इथेच बाजूला ठेवशील. गेल्या जूनमध्ये शेजाऱ्यांच्या आग्रहाने आम्ही ती शर्यत पाहायला गेलो. गेटमधून एकाच वेळी सुटणाऱ्या चाळीस गाड्या ओवीने कानांवर हात दाबून पाहिल्या आणि परत येताना मागच्या सीटवरून विचारले, "माझ्या मापाची असते का?"

तिच्या मापाची असते, हीच तर अडचण आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याप्रमाणे ५० सीसीपर्यंतची गाडी रस्त्यावर चालवायलाही १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. इथे मात्र बंद मैदानातल्या शर्यतींत ५१ सीसीपर्यंतच्या गाड्यांचा गट चार वर्षांच्या मुलांपासून सुरू होतो, आणि टेनेसीत हरिकेन मिल्स येथे १९८२ पासून दर वर्षी होणाऱ्या हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत ही एवढीशी मुलेही उतरतात. बाबा, तुम्हाला सरकारी कारभाराच्या गमती आवडतात म्हणून एक सांगते. मुलांच्या वस्तूंमध्ये शिसे असू नये असा कायदा इथे २००८ मध्ये झाला आणि त्या झपाट्यात फेब्रुवारी २००९ पासून लहान मुलांच्या मोटारसायकलींची विक्रीच अडकली, कारण गाडीच्या काही भागांत शिशाचा अंश असतो. मुले काही गाडी चाटत नाहीत, हे पटवून त्या गाड्यांना सूट मिळायला २०११ उजाडले.

आता बाबा, तुमच्या "जरा मोठी घ्या" या सल्ल्याकडे येते. आपल्या घरात शाळेचा गणवेश, दिवाळीचा फ्रॉक आणि पावसाळी बूट हे सगळे कायम वाढत्या मापाचे आले. माझ्या गणवेशाच्या खालच्या दुमडीत आई निदान चार बोटे कापड राखून ठेवायची आणि दर जूनमध्ये एकेक टीप उसवायची. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांच्या मुलाची थोडी मोठी गाडी ओवीला चालवून पाहायला दिली, तेव्हा माझ्याही मनात तुमचाच हिशोब होता. सीटवर बसल्यावर तिच्या फक्त चवड्यांची टोके जमिनीला लागत होती. चालत्या गाडीवर ती छान बसली. वळण घेऊन माझ्यापाशी येऊन थांबली आणि थांबताक्षणी डावीकडे कलंडली, कारण तोल सावरायला पाय पुरेसा खाली पोचलाच नाही. गुडघा खरचटला, एवढेच झाले. पण पन्नासेक किलोची गाडी पायावर घेऊन पडलेली अठरा किलोची मुलगी मी पाहिली, आणि पुढचे दोन आठवडे तिने हेल्मेटला हात लावला नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

त्या दिवसानंतर मी दुकानात विचारणे बंद केले आणि टेप घेऊन मोजायला बसले. जाड तळाचे बूट घालून भिंतीला टेकून उभी केल्यावर ओवीच्या पायांची आतली उंची सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. पहिल्या गाडीवर दोन्ही तळवे, निदान टाचा किंचित उचललेल्या स्थितीत, एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत. मूल थांबताना पडते, सुरू करताना पडते, घाबरल्यावर आधी पाय खाली सोडते. शर्यतीत मुरलेल्या मुलांना उंच सीट चालते, कारण ती मुले थांबतच नाहीत.

या एका मापाने निम्मी यादी गळली. होंडाची सीआरएफ ५० एफ फोर-स्ट्रोक आहे, टिकाऊ आहे आणि तिचे इंजिन शांत स्वभावाचे आहे, पण सीट सुमारे ५५ सेंटिमीटरवर आणि वजन ५० किलोच्या आसपास. शिवाय तिला तीन गिअर आहेत. क्लचची दांडी नसली तरी डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक हे गणित मातीच्या उंचवट्यावर साडेपाच वर्षांच्या डोक्यात बसणार नाही. सात-आठ वर्षांच्या, उंच मुलासाठी मी तीच घेतली असती. यामाहाच्या पीडब्ल्यू ५० ची सीट मात्र साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरवर येते, वजन एकेचाळीस किलो आहे, गिअर नाहीत आणि दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातातच आहेत. ओवीने तीन वर्षांची असताना पायाने ढकलायची सायकल चालवली, मग त्याच धर्तीची छोटी विजेवरची स्टेसिक चालवली, त्यामुळे तिच्या बोटांना ब्रेक हातातच असतो हे पक्के ठाऊक आहे. ती सवय मोडायला मी तयार नाही.

बाबा, ही पीडब्ल्यू ५० म्हणजे तुमची लुनाच समजा. तेच ५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि तीच आपोआप धरणारी क्लच. तुम्ही मला अंगणात लुना उघडून दाखवले होते की फेरे कमी असताना क्लचचे बूट आत मिटलेले असतात, आणि रेस वाढली की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या डब्याला घट्ट धरतात व चाक फिरू लागते. इथल्या दुकानातला माणूस मला तेच समजावत होता आणि मी त्याचे वाक्य पुरे केले, तेव्हा तो थोडा ओशाळला. दोन फरक मात्र आहेत. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मिसळून घेण्याची कटकट हिच्यात नाही, कारण ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप ते आपोआप इंजिनात सोडतो. दुसरे म्हणजे साखळीऐवजी मागच्या चाकापर्यंत शाफ्ट जातो, त्यामुळे लहान बोटे किंवा बुटाचे बंद अडकायला जागाच राहत नाही.

या गाडीची मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र एक साधा स्क्रू आहे. तो आत पिळला की रेसची मूठ ठरावीक अंतरापलीकडे फिरतच नाही. नवख्या मुलांचा मोठा अपघात बहुतेक एकाच तऱ्हेने होतो. गाडी अचानक पुढे सरकते, मूल मागे झुकते, पडू नये म्हणून हँडल घट्ट धरते आणि त्या धरण्यातच मूठ आणखी पिळली जाते. मूल मागे जाईल तितकी गाडी जोरात पळते. अशा वेळी "रेस सोड" असे कितीही ओरडले तरी ते कानात शिरत नाही. स्क्रू आत असेल तर गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने जाते आणि समीर तिला गाठू शकतो. पुढे दर महिन्याला पाव फेरा सोडायचा असे आम्ही ठरवले आहे. याशिवाय मनगटाला बांधायच्या दोरीची किल स्विच आम्ही वेगळी बसवून घेणार आहोत, म्हणजे ओवी पडली की इंजिन बंद पडेल.

मैदानावरच्या काही पालकांनी आम्हाला वेड्यात काढले. त्यांचे म्हणणे असे की मुलीला शर्यतीत उतरवायचे असेल तर पहिल्याच दिवसापासून केटीएमची ५० एसएक्स घ्या, पीडब्ल्यू हे खेळणे आहे. (ही तीच केटीएम, जिच्यात आपल्या बजाजने २००७ पासून भांडवल घातले आणि जिच्या ड्यूक चाकणला बनतात. या लहान गाड्या मात्र ऑस्ट्रियाच्या.) त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पाण्याने थंड होणारे इंजिन, डिस्क ब्रेक, उडी झेलणारे सस्पेन्शन हे सगळे तिच्यात आहे, आणि शर्यतीच्या गेटवर ती सर्रास दिसते. पण तिची ताकद झटक्यात येते, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते, क्लचची जुळणी वरचेवर करावी लागते आणि पिस्टन कधी बदलायचा याचा हिशोब तासांवर ठेवावा लागतो. किंमत पीडब्ल्यूच्या दुपटीहून अधिक आहे, पण ते कारण मी दुय्यम मानते. जी मुलगी अजून वळणावर बाहेरचा पाय उचलते, तिच्या हाती ती गाडी देणे म्हणजे बाराखडी येण्याआधी निबंधाच्या स्पर्धेला बसवणे होय.

पीडब्ल्यू आम्ही जुनीच घेणार आहोत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्या रचनेत फारसा बदल झालेला नाही, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि एका घराची झाली की ती दुसऱ्या घरी जवळपास त्याच किमतीला जाते. तिची वजनाची मर्यादा २५ किलो आहे, म्हणजे ओवीला ती फार तर दीड-दोन वर्षे पुरेल. बाबा, तुमच्या हिशोबाने हा तोटा, पण विकताना पैसे बहुतांशी परत येणार असतील तर ती गाडी एका अर्थी भाड्यानेच घेतल्यासारखी आहे. येत्या शनिवारी एक पाहायला जायचे आहे. मालकाला मी आधीच सांगून ठेवले आहे की आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका, कारण गरम इंजिन कोणाचेही पहिल्या किकेत सुरू होते. एअर फिल्टर काढून आत धूळ गेली आहे का ते पाहायचे, चाके फिरवून रिंग वाकडी नाही ना ते पाहायचे, आणि नोंदणीचे कागद मालकाच्याच नावावर आहेत याची खात्री करायची.

आई, आता तुझ्याविषयी. धोका नाही असे मी तुला लिहिणार नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे स्पष्ट मत आहे की १६ वर्षांखालील मुलांनी मातीवरची अशी वाहने चालवू नयेत, आणि ओवीच्या डॉक्टरांनीही आम्हाला तेच सांगितले. आम्ही ते ऐकूनही हा निर्णय घेत आहोत, हे मी लपवत नाही. त्यावर समीरचे आणि माझे दोनदा भांडणही झाले. शेवटी काही गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या आहेत. दोघांपैकी एक जण तिच्या शेजारी धावत असल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. मोठी मुले त्याच ट्रॅकवर असतील तर ती उतरणार नाही. सहा वर्षे पूर्ण झाली की एक दिवसाचा रीतसर प्रशिक्षणवर्ग, कारण त्याआधी ते घेत नाहीत. सात वर्षांपर्यंत शर्यत नाही, मग कोणी काहीही म्हणो. आणि तिने एखाद्या सकाळी "आज नको" म्हटले, तर कारण न विचारता गाडी गॅरेजमध्ये परत.

गाडीच्या आधी अंगावरचे सामान घेतले. बूट, गुडघ्याचे आणि छातीचे कवच आम्ही वापरलेले आणले, कारण ही मुले सहा महिन्यांत त्यातून बाहेर पडतात आणि ते नवे असल्यासारखेच मिळते. हेल्मेट मात्र नवे. त्यातला फोम एकदाच आघात सोसतो आणि दबल्यावर पुन्हा फुगत नाही, आणि जुने हेल्मेट कोणाच्या हातून किती वेळा पडले ते बाहेरून कळत नाही. दुकानात मी एक माप मोठे मागितले आणि तिथल्या बाईंनी ते ओवीच्या डोक्यावर ठेवून तिला मान हलवायला सांगितली. मान फिरली आणि हेल्मेट जागच्या जागी राहिले. मी मुकाट्याने लहान घेतले. वजनाला जड असलेलेही टाळले, कारण एवढ्याशा मानेला तो भार पेलत नाही.

बाबा, तुम्ही एप्रिलमध्ये याल तेव्हा लुनाचा प्लग काढायचा तो नळीचा पाना घेऊन या. जिन्याखालच्या पत्र्याच्या डब्यात असेल. इथे नवा मिळतो, पण तो या गाडीला बसतो का ते मला पाहायचे आहे, आणि टू-स्ट्रोकचा प्लग काळा पडला की तांबूस आहे हे ओवीला तुम्हीच दाखवावे असे वाटते.

कळावे,
तुमची,
वैशू

ता. क. आई, ओवीच्या खणाच्या परकर-पोलक्याची मापे समीरने काल पाठवली आहेत. ते मात्र वाढत्या मापाचेच शीव, आणि दुमडीत चार बोटे राख.