बाबा, तेरणेचं तेवढं सांगा

ती. आई, बाबा,

पत्राचं कारण म्हणजे तुमचा नातू. शाळेत नदीवर प्रोजेक्ट दिलाय, बाकीच्या पोरांनी मुळा-मुठा नाहीतर गोदावरी घेतली आणि हा म्हणे मी आजोबांची नदी घेणार. वर्गात एकजण म्हणाला तेरणा तर कारखाना असतो ना, तर साहेब चिडून घरी आले. आता ढोकीचा कारखाना, नेरूळचं कॉलेज, सगळीकडे नाव नदीचंच, पण नदी कुणाला माहीत नाही.

नकाशा मी काढून दिला. तेरखेड्याकडं उगम, मग तेर, माकणीचं धरण, किल्लारीच्या बाजूनं जात औरादकडं मांजरेला मिळते, मांजरा पुढं गोदावरीला. म्हणजे गोदावरीवाल्या पोरांनाही आपलंच पाणी! तेरवर त्यानं भरपूर लिहिलंय, पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात तगर म्हणून नाव आहे, तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं वगैरे. त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाचा फोटो पण चिकटवला. गोरोबाकाका माती नदीतूनच आणायचे का विचारत होता, मी म्हटलं आजोबांना विचार.

पण बाबा, खरं पाहिजे ते किल्लारीच्या भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, विसर्जन करून लोक झोपलेले, हे सगळं नेटवर आहे. तुम्ही भाकरी भरून ट्रॅक्टर घेऊन गेल्तात ते कुठंच नाही. आल्यावर चार दिवस कुणाशी बोलला नाहीत एवढंच मला आठवतंय, आम्ही पण कधी विचारलं नाही. आजी शेवटपर्यंत म्हणायची माकणीच्या पाण्यानंच जमीन हालली, आणि शास्त्रज्ञांनी पण त्यावर वाद घातलाय म्हणे, म्हणजे आजी अगदीच काहीतरी बोलत नव्हती. पोरगं घाबरेल म्हणून गाळू नका, सहावीत आहे आता.

आई, तुझ्याकडून झिऱ्याचं पाहिजे. नदीवर गोधड्या धुवायला गेल्यावर वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचात ना, त्याला ते खोटंच वाटतंय.

लिहायचा कंटाळा आला तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, माईकचं बटण दाबून धरायचं, सोडलं की जातं. रविवारच्या आत पाहिजे. आणि आई, बाबा बोलताना मधी मधी दुरुस्त्या करू नको गं, तुझं वेगळं पाठव.

तुमची,
ताई