डब्यावरची कृ.

लीड्स, १८ जानेवारी

ती. दादाकाका आणि ती. सौ. काकू यांस,

कृ. सा. न. वि. वि.

लहानपणी तुम्हाला पोस्टकार्ड लिहिताना ही पाच अक्षरं मी मंत्रासारखी लिहायचे. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढं सगळं त्यात मावलंय, हे कळायला कॉलेज उजाडलं. गेले तीन महिने अशाच अक्षरांनी मला झोपू दिलेलं नाही. फोनवर हे सांगता आलं नसतं. काही गोष्टी तुम्हाला कागदावर, सावकाश वाचायला हव्यात. पत्र तुम्ही नातवंडांनाही वाचून दाखवाल, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टींचीही फोड करून लिहिते.

मी इकडे यायला निघाले तेव्हा आजीनं लाडू भरून दिलेला पितळी डबा आठवतो? त्याच्या काठाखाली छिन्नीनं घातलेलं नाव आहे. राख आणि नारळाच्या शेंडीनं शंभर वर्षं घासून घासून अर्धं पुसलं गेलंय. दिवाळीत डबा उन्हाशी तिरपा धरला, तेव्हा पहिल्यांदा अक्षरं उठून दिसली. मग काठावर चिमूटभर कणीक चोळून वरवर पुसली. खाचांत पीठ बसलं आणि ओळ वाचता आली:

‘चि. सौ. कां. कृ. हीस मा. ग. वि. वाठार यांजकडून श. १८३८ माघ व॥ ५’

चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. म्हणजे लग्न अजून लागायचं होतं. लागल्यावर ती नुसती सौ. झाली असती. डबा लग्नातल्या आहेराचा. ‘मा.’पाशी मी अडले. आजच्या पत्रिकेत तो ‘माननीय’ असतो, पण त्या काळी मान द्यायचा तर ‘रा. रा.’ लिहीत, राजमान्य राजश्री. नवरीला आहेर देणारा, नावाआधी मा. लावणारा माणूस म्हणजे मामा. वाठारचा मामा. तारखेत मात्र मी चुकले होते. श. म्हणजे शक, व॥ म्हणजे वद्य. शकात ७८ मिळवून १९१६ लिहून ठेवलं. पण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल पौषाच्या आसपास, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या नोंदीला ७९ मिळवावे लागतात. लग्न फेब्रुवारी १९१७ चं. ही एक वर्षाची चूक तशीच राहिली असती, तर पुढचं काहीच जुळलं नसतं.

आता कृ. कोण? तुमची आजी, माझी पणजी, हिचं नाव रमा. आजी म्हणायची, ‘सासूबाईंचं माहेरचं नाव असेल. लग्नात नाव बदलायचेच.’ पटण्यासारखंच होतं. आपल्याकडे बाईचं नाव आणि आडनाव दोन्ही एका दिवसात बदलायचं, आणि वंशावळीत तर बहुतेक वेळा दोन्ही नसायची. आपल्या वाईच्या घरातला वंशवृक्ष पाहा. सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. कुणाची मुलगी, कुठून आली, हे शोधायचं तर कागद उपयोगी पडत नाहीत, भांडी पडतात. माहेरची अक्षरं फक्त भांड्यांवर राहिली.

इथे वाचनालयात एक आजीबाई भेटतात. सत्तरीच्या असतील, आपल्या घराण्याची मुळं शोधतायत. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांमध्ये विल्यमला ‘डब्ल्यू. एम.’, जेम्सला ‘जे. ए. एस.’ असं लिहिलेलं असतं आणि ‘ओ. टी. पी.’ म्हणजे ‘ह्याच पॅरिशचे’, त्याच चर्चच्या हद्दीतले, हे त्यांनी मला शिकवलं. मी त्यांना चि., सौ., कै. यांचा अर्थ सांगितला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडे बाईच्या नावाआधीची दोन अक्षरं वाचली की तिच्या आयुष्यात काय घडून गेलंय ते कळतं? हो, कळतं. कु., चि. सौ. कां., सौ., गं. भा. शेवटची दोन अक्षरं लिहिताना माझा हात आजही अडखळतो. नवरा गेला हे गावभर सांगणारी ही अक्षरं बाईला आपणहून लावावी लागत, आणि पुरुषाला तसं काहीच नव्हतं. पण याच अक्षरांनी मला आपल्या घरातलं एक हरवलेलं माणूस दाखवलं, हेही खरं.

त्याआधी बिल्ल्याचं सांगते, कारण धागा तिथून सापडला. आजोबांच्या पेटीतल्या पितळी बिल्ल्यावर इंग्रजीत एम. एस. एम. आर. अशी अक्षरं आहेत. पणजोबांच्या नावाची आद्याक्षरं योगायोगानं एम. एस. एम. अशीच, आणि शेवटचा आर म्हणजे ‘राव’, असं आपण सगळे मानत आलो. तुमच्या धाकट्यानं पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा पहिल्या दोन अक्षरांमध्ये झिजलेलं ‘अँड’चं चिन्ह दिसलं. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे! १९०८ साली मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एक होऊन झालेली कंपनी. आपला पुणे-मिरज मीटर गेज मार्ग तिच्याकडे होता, आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली. काका, म्हणजे पणजोबा रेल्वेत होते! आणि वाईला, महाबळेश्वरला जाणारी माणसं ज्या स्टेशनावर उतरत ते वाठारही त्याच मार्गावर. मामा वाठारचे. स्थळ तिथूनच आलं असणार असं मला वाटतं. बिल्ला नावाचा समजून आपण त्यांची नोकरीच विसरून गेलो.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरात तुमच्या धाकट्यानं देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. बोरूनं लिहिलेलं, पणजोबांचं अक्षर:

‘कै. सौ. कृ. श. १८४० आश्विन व॥ ७’

मी त्या रात्री कितीतरी वेळ नुसती ‘कै. सौ.’ वाचत बसले. कैलासवासी आणि तरीही सौभाग्यवती. नवरा असताना गेलेली. तुमची आजी १९६८ साली गेली. तुम्ही तिच्या मांडीवर वाढलात. आजोबा लहान असतानाच ती गं. भा. झाली होती. जमिनीच्या जुन्या फेरफारात आजोबांच्या नावाखाली ‘अ. पा. क. आई र.’ आहे, ते तुम्हीच मला एकदा दाखवलं होतं. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या वतीनं जमीन सांभाळणारं माणूस. ती ‘कै. सौ.’ होऊच शकत नाही. कृ. हे रमापणजीचं माहेरचं नाव नव्हे. कृ. ही वेगळी बाई होती, पणजोबांची पहिली बायको. रमापणजी बिजवराला दिलेली.

लग्न फेब्रुवारी १९१७, मृत्यू ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यात. वीस महिने.

तारीख वाचली तेव्हाच मला आजीचा ‘मानमोडी’ हा शब्द आठवला. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या पावसाळ्याअखेरी ती मुंबईत भडकली, ऑक्टोबरात रोजचे मृत्यू कळसाला पोचले आणि आगगाडीच्या माणसांबरोबर साथ गावोगाव गेली. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली, तरुण माणसं अधिक गेली. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, इतकी. कृ. त्यातच गेली असं पोथीत लिहिलेलं नाही. पण वय, महिना आणि रेल्वेचं घर, तिन्ही बाजूंनी मला तेच दिसतं.

आणि काका, आजीची आणखी एक गोष्ट. ती सांगायची, ‘सासूबाई म्हणायच्या, मामंजी, म्हणजे तुझे पणजोबा, होते तोवर भाद्रपदात नवमीला आपल्याकडे सवाष्ण जेवायची. नंतर बंद पडलं.’ आम्ही ऐकून सोडून दिलं. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी! सवाष्ण गेलेल्या बाईसाठीच असते ती, आणि नवरा गेला की पुष्कळ घरांतून बंद करतात. रमापणजी दरवर्षी आपल्या सवतीसाठी पुरणपोळी करत होती. तिचाच डबा वापरत होती. नाव घासून घालवलं नाही, दुसरं नाव घातलं नाही. आजीला डबा दिला तेव्हा कुणाचा म्हणून सांगितलं की नाही, ते आता कुणाला विचारणार?

मला तुमच्याकडून तीन-चार कामं हवी आहेत, आणि ती तुम्हीच करू शकता.

माळ्यावरचं घंगाळ, दोन हंडे आणि ती मोठी परात खाली काढून घ्या. काकूला सांगा, चिंच-मीठ लावू नका, आधी फोटो. कडेनं दिवा तिरपा धरून प्रत्येक काठ आणि बूडही पाहा. बुडावर बरेचदा देणाऱ्याची अक्षरं असतात. एकही भांडं मोडीत देऊ नका, चेपलेलं असलं तरी. मागच्या वेळी दोन गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वाठारच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या तालुक्याला असतील. गाव नमुना चौदा म्हणतात त्याला, कोतवाल बुक. मोडी लिपीत असणार, तेव्हा मोडी वाचणारं माणूस बरोबर न्या. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधण्यामुळे अशी माणसं पुन्हा मिळू लागली आहेत. वाचताना एक सांभाळा: जातीच्या रकान्यातला कु. म्हणजे कुणबी. लग्नपत्रिकेतल्या कुमारीशी त्याचा संबंध नाही. आणि ‘बिन’च्या पुढे येतो तो बाप, ‘भ्र.’च्या पुढे नवरा, भ्रतार. कृ.च्या बापाचं नाव मिळालं तर आपल्याला तिचं माहेर मिळेल. ग. वि. मामांच्या घरचं कुणी तिथे असेल तर त्यांच्याकडेही जाऊन या. त्यांच्या वंशवृक्षात भाची नसेल, पण कुणाच्या तोंडी असेल.

आणि पोथीचं ते पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, कागद घामेजतो. सुती फडक्यात गुंडाळा.

आपल्या वंशवृक्षात मी पेन्सिलनं पणजोबांच्या शेजारी दोन नावं लिहिली आहेत. डावीकडे कृ., उजवीकडे रमा. कृ.चं पूर्ण नाव कृष्णा असेल असं मन म्हणतं, पण डब्यावर जेवढं आहे तेवढंच लिहिलंय. शाईनं तुम्ही लिहा, खात्री झाल्यावर.

काकूला एक विचारायचंय. पणजोबांना जाऊन नव्वद वर्षं होत आली. अशा वेळी नवमी चालते का? शास्त्र काय म्हणतं ते तिला ठाऊक असेल. या भाद्रपदात एका मैत्रिणीला जेवायला बोलवावं आणि पुरणपोळी त्याच डब्यातून वाढावी, असं माझ्या मनात आहे. चालत असेल तर तिथी इथल्या पंचांगाप्रमाणे धरू की वाईच्या, तेही कळवायला सांगा तिला.

मुलांना गोड पापा. क. लो. अ. ही वि.

तुमची,
मनू