विंडोज बदलायला पितृपंधरवडाच बरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हापासून आमच्या गणपती पेठेतल्या छोट्या छापखान्यांना रोज कुणी ना कुणी घाबरवून जातं. म्हणे, आता नवा संगणक घ्याच. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. त्याही व्यवसायाच्या यंत्राला पैसे भरून तीन वर्षांपर्यंत मिळतात, मात्र दर दरवर्षी दुप्पट होतो. तेव्हा बदल करायचाच, पण आपल्या सवडीने.

आमची सवड कधी? तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू. मार्चअखेर बिलबुकं. आषाढ सरला की गणेश मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल. पितृपंधरवड्यात मात्र ना पत्रिका, ना दुकानाच्या उद्घाटनाचं कार्ड. विंडोज ११ चढवल्यावर न जमल्यास परत १० वर जायला कंपनी दहाच दिवस देते, ते या पंधरवड्यात आरामात बसतात. (घरच्या मोठ्यांचा आक्षेप असेल, तर सांगावं की नवीन काही घेत नाही, आहे तेच चालवतोय.)

त्या दहा दिवसांत काय तपासायचं, हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला मराठी टायपिंगशी देणंघेणं नसतं. आमचं वीस-वीस वर्षांचं काम जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांत आहे. तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून फॉन्टचं फोल्डर आधी वेगळ्या डिस्कवर घ्यावं. दुसरं, डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला यंत्राला लावावी लागणारी किल्ली. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि ६४-बिट विंडोज ३२-बिटचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) घेत नाही. डोंगल, स्कॅनर, जुना प्रिंटर यांचे ६४-बिट ड्रायव्हर हाताशी आल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आता ‘तुमच्या यंत्रावर ११ चालतच नाही’ या निदानाविषयी. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत अनेकांनी पुन्हा यंत्रं घेतली. त्यातलं जे इंटेलच्या आठव्या पिढीचं किंवा पुढचं, ते बहुधा विंडोज ११ च्या नियमात बसतं. पुष्कळदा टीपीएम २.० (११ ला लागणारा सुरक्षेचा भाग) आत असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला. इंटेलच्या बोर्डावर तो ‘पीटीटी’ नावाने सापडतो. ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ केलं की झालं. सिक्युअर बूट (खात्रीच्या प्रणालीनेच यंत्र सुरू होऊ देणारी सोय) हेही तिथेच. मात्र डिस्कच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती आधी नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, आणि ते काम बॅकअपशिवाय कुणाला करू देऊ नये. कंपनीतून निघालेली चौथ्या-सहाव्या पिढीची स्वस्त यंत्रं मात्र नियमात बसत नाहीत. ती नेटची वायर काढून जुन्या फायलींसाठी ठेवावीत, पेनड्राइव्ह मात्र तपासूनच लावावा. मेल आणि बँकेचं काम दुसऱ्या यंत्रावर.

विक्रेत्यांना एकच विनंती आहे: नव्या संगणकाचं कोटेशन देण्याआधी गिऱ्हाइकासमोर बायोस उघडून दाखवा.

— एक डीटीपी व्यावसायिक, गणपती पेठ, सांगली