खोकला लपवू नकोस

शहापूर, बेळगाव

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलताना तू चारदा खोकलास. विचारलं तर म्हणालास, "आई, भटारखान्यात एवढं चालायचंच." हेच मी बावीस वर्षं म्हणत आले रे, म्हणून लिहायला बसले.

लग्नसराईत मी मांडे करायला जायचे, आठवतं ना? खाली लाकडाचा जाळ, वर पालथं खापर, आणि मांडा टाकायला वाकलं की तोंड नेमकं धुरात. पुढं खानावळीत तळणावर उभी राहिले. तिथला पंखा लाइट बिलाच्या भीतीनं बंदच असायचा. आता माडीचा जिना चढताना मधे दोनदा थांबते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नळीत जोरानं फुंकायला लावलं आणि विचारलं, "बिडी ओढता का?" जन्मात हात लावला नाही. मग चुलीचं विचारलं. सीओपीडी म्हणाले, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसाचा जुनाट आजार. औषधानं दम कमी लागतो, पण गेलेलं फुफ्फुस परत येत नाही.

तुमच्याकडं गॅस आहे, चूल नाही, म्हणून गाफील राहू नकोस. तेल धूर सोडायला लागलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन नावाचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तो त्यानंच. धुरातले बारीक कण तर दिसतही नाहीत आणि फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. तुझ्या ताईनं नर्सिंगच्या पुस्तकातून वाचून दाखवलं: कढईतल्या कडक तळणाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१० सालीच 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलंय. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

शेगडी पेटवायच्या आधी एक्झॉस्ट लाव, काम संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेव. त्याची जाळी बोट लावून बघ. चिकट लागली तर हवा ओढत नाही समज. गरम पाण्यात सोडा घालून धू. धूर धरेपर्यंत तेल तापवू नकोस, काळं झालेलं तेल पुन्हा चढवू नकोस. पंखा मोडला असेल तर मालकाला एकट्यानं सांगू नकोस, तळणावरची सगळी पोरं मिळून जा. एकट्याला कामावरून काढतात, ते मी भोगलंय.

गणपतीला येशील तेव्हा तुझीही फुंकायची तपासणी करून घेऊ. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. एक दिवस जास्तीची रजा आत्ताच माग.

तुझी,
आई