खंडणीखोरांना पकडा, माथाडी कायद्याला कशाला धरता?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या गाळ्यावर, मी उमेदीची सगळी वर्षं दिवाणजी म्हणून काढली. मी हमाल नव्हतो आणि व्यापारीही नव्हतो. हमालांनी उचललेल्या पोत्यांचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत मांडणं हे माझं काम. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मी गादीवर बसून पाहिल्या आहेत आणि त्या भरवशावरच हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

२०२३ साली माथाडी कायद्यात, म्हणजे ओझी उचलणाऱ्या कामगारांच्या कायद्यात, बदल करणारं विधेयक विधिमंडळात आलं, त्यावरून मोर्चे निघाले, बाजार बंद झाले. तेव्हापासून उद्योजकांची बैठक असो की वाहतूकदारांची, एक वाक्य हमखास कानावर येतं: माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते. साहेब, हे खोटं नाही. गाडी फाटकात अडवायची, मालाला बोटही न लावता वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे, पैसे मागायचे, कुणी नाही म्हटलं तर टायरची हवा सोडायची, हे प्रकार होतात आणि ते करणाऱ्यांच्या खिशात कुठल्या ना कुठल्या ‘युनियन’चं पावतीपुस्तक असतं. पण या लोकांनी आयुष्यात एक पोतं तरी उचललंय का, हे कुणी विचारत नाही. खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी पोलीस ठाणं आहे. गुन्हा पोलिसांच्या हद्दीतला आणि दुरुस्ती मात्र कामगार कायद्यात, हे गणित माझ्यासारख्या हिशेबनीसाला जुळवता येत नाही.

हा कायदा का करावा लागला, ते आपल्या खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. गिरणी कामगाराला भोंगा होता, फाटक होतं, मस्टर होतं. त्याच्या बाजूने भांडायला एकोणिसाव्या शतकातच नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. हमालाला यातलं काहीच नव्हतं. मुंबईच्या मशीद बंदरला काय किंवा पुण्याच्या नाना पेठेत, भवानी पेठेत काय, तो सकाळी एका पेढीची गाडी खाली करायचा, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या. मग मालक कोण? कायद्याच्या भाषेत कुणीच नाही. मालक नाही म्हणून नोकर नाही, आणि नोकर नाही म्हणून फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही, कंबर मोडली तर भरपाई नाही. पाटण, जावळी, कऱ्हाड, मुळशी, वेल्हे या भागांतून आलेली माणसं रात्री पेढीच्या फळीवरच पथारी टाकायची. मजुरी ठरवायचा तो व्यापारी, वाटायचा तो मुकादम. हमालाच्या हातात किती पडायचं, हे त्या दोघांच्या मर्जीवर.

पोत्याचं सांगतो. शंभर किलोचं पोतं उचलायला तीन माणसं लागतात. दोघं दोन बाजूंनी आकडा रुतवून ते वर घेतात, तिसरा पाठ वाकवून खाली शिरतो, दोन्ही हात मागे नेऊन पोत्याचे कान पकडतो आणि फळीवरून चालत निघतो. ती फळी पायाखाली लवते. आत थप्पी आठ-दहा थरांवर गेली की त्याच पाठीने वर चढायचं. ज्या दिवशी फळी ओली असेल, त्या दिवशी टोळीत कुणी मोठ्याने बोलत नाही. दहा टनांची गाडी चौघांच्या टोळीने खाली केली, तर एकेकाच्या पाठीवरून अडीच टन माल जातो. अशा दोन गाड्या दिवसात झाल्या तर तो चांगला धंदा समजायचा. हे पोतं पन्नास किलोवर आणण्यासाठी हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. व्यापाऱ्यांचं म्हणणं असायचं, वजन निम्मं झालं की दरही निम्मा. पण वजन निम्मं म्हणजे फेऱ्या दुप्पट, हे त्यांना वहीत दिसायचं नाही. मला दिसायचं. पोत्यांची संख्या मीच लिहीत होतो.

बाबा आढावांचा दवाखाना नाना पेठेत होता. पाठीच्या, छातीच्या दुखण्याचे हमाल तिथे यायचे आणि या रोगावर औषध बाटलीत मिळणार नाही हे त्या डॉक्टरच्या लक्षात आलं. त्यातून पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत साठच्या दशकात अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं. ते पाटण तालुक्यातले, स्वतः ओझी वाहिलेले. दोन शहरं, दोन माणसं, दोघांचं राजकारणही वेगळं. पण मागणी एकच होती: आम्हाला मालक नसेल तर सरकारने मालकाच्या जागी एक व्यवस्था उभी करावी.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली ती उभी राहिली. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम. या कायद्यातली युक्ती इतकी साधी आहे की मला आजही तिचं कौतुक वाटतं. व्यापाऱ्यांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी मिळून एक मंडळ करायचं. व्यापाऱ्यानेही तिथे नाव नोंदवायचं आणि टोळीनेही. काम झालं की मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वरची ठरावीक रक्कम, व्यापारी मंडळात भरणार. मजुरी मंडळाकडून कामगाराला, लेव्हीतून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. दिवसात पाच दारं फिरला तरी हिशेब एका जागी. मालक पाच असोत की पन्नास, कामगार अनाथ नाही. या कायद्याला सरकारी तिजोरीचा भार नको होता. पुढे १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी आपण हाच साचा वापरला. तिकडे केरळनेही ओझी वाहणाऱ्यांचा कायदा केला. २०२३ मध्ये राजस्थानने ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला, त्यातही व्यवहारावर शुल्क आणि त्यावर चालणारं कल्याण मंडळच आहे.

माथाडी कायदा सगळीकडे एका दिवसात लागू झाला असं मात्र नाही. धंद्याधंद्याच्या, जिल्ह्याजिल्ह्याच्या योजना होत गेल्या आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी पुन्हा काम बंद ठेवावं लागलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विधेयकावर कामगार संघटनांचा मोठा आक्षेप होता तो व्याख्येवर. हा कायदा ज्याला लागू होतो तो असंरक्षित कामगार म्हणजे निव्वळ अंगमेहनत करणारा, यंत्राच्या मदतीने काम करणारा तो नव्हे, अशी कात्री लागली तर उद्या बाहेर कोण राहणार नाही? साहेब, १९६९ च्या कायद्याची अनुसूची एकदा स्वतः वाचा. माल चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मापणे, भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे, अशी कामं तिथे लिहिली आहेत. तोलणाराच्या हातात तेव्हाही काटा होता. पोतं शिवणाऱ्याच्या हातात दाभण होतं, धान्य साफ करणाऱ्या बायकांच्या हातात चाळणी. कायदा करणाऱ्यांना अवजार माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी कामाकडे पाहिलं, हातात काय आहे त्याकडे नाही. आज गोदामात हातगाडीच्या जागी हायड्रॉलिक ट्रॉली आली म्हणून ती ओढणाऱ्याचा फंड बुडावा, याला कोणता तर्क?

आणि लबाडी फक्त फाटकावरच चालते असं समजू नका. एका गाळ्यावर मी दोन वह्या पाहिल्या. एका वहीत टोळीचं खरं काम, दुसरीत मंडळाला दाखवायचं. पन्नास गाड्या आल्या तर तीस दाखवायच्या, बाकी वीस गाड्यांची मजुरी रोखीने टोळीच्या हातावर टेकवायची. रोख मिळते म्हणून हमालही गप्प. लेव्ही वाचली ती व्यापाऱ्याची. हमालाला ते निवृत्त होताना कळतं, फंडाचा आकडा बघून. मी त्या दोन्ही वह्या लिहिल्या, आणि त्या वर्षांत मंडळाचा निरीक्षक तिथे आलेला मला आठवत नाही. खंडणीबद्दल विधिमंडळात दुरुस्ती येते. बुडवलेल्या लेव्हीबद्दल तिथे कुणी साधी लक्षवेधी सूचना मांडली, तर मला जरूर कळवा.

दर वर्षी २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, नवी मुंबईत माथाड्यांचा मेळावा भरतो. मंत्री येतात, फेटे बांधले जातात, टाळ्या घेणारी भाषणं होतात. पुढच्या मेळाव्याला आपण जाल तेव्हा फेट्याआधी चार गोष्टींचं उत्तर घेऊन जा, एवढीच विनंती. राज्यातल्या किती मंडळांवर आज मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी प्रत्यक्ष नेमलेले आहेत आणि किती मंडळं एकट्या अधिकाऱ्याच्या सहीवर चालली आहेत? निरीक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती? थकलेली लेव्ही किती आणि ती वसूल करायला कुणाच्या मालमत्तेवर टाच आली? आणि भिवंडीच्या, चाकणच्या मोठमोठ्या गोदामांत दिवसभर खोकी उचलणाऱ्या, कंत्राटदारामार्फत आलेल्या पोरांची नोंद कुठल्या मंडळाकडे आहे?

खंडणीसाठी उपाय हवा असेल तर तोही याच कायद्यात आहे. नोंदणी झालेल्या टोळीची नावं, फोटो आणि ठरलेले दर प्रत्येक बाजाराच्या, प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर लावा. पैसे फक्त मंडळाच्या खात्यावर, हातात एक रुपयाही नाही, असा फलक मराठीत आणि हिंदीत लावा, कारण ट्रकचालक बहुधा बाहेरच्या राज्यातला असतो. त्याच फलकाखाली पोलीस ठाण्याचा नंबर द्या. याला विधेयक लागत नाही, आपल्या खात्याचं एक परिपत्रक पुरतं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त दिवाणजी, भुसार बाजार, पुणे