बरणीतले नाचरे बेदाणे

प्रिय छकुले,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आजीच्या आल्याच्या वाइनचं प्रमाण मागितलंस आणि बोलता बोलता एक तक्रारही केलीस. गेल्या नाताळात तू हौसेनं केक आणलास, पेयं आणलीस, टेबल मांडलंस, आणि तुझ्या लेकीनं केकचा एक तुकडा खाऊन "झालं?" असं विचारलं. ते "झालं?" तुला फार लागलेलं दिसलं. "तू तुझ्या लहानपणाचं एवढं सांगतोस, मग हिला तशी मजा का येत नाही?" असं तू म्हणालीस. फोनवर मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आता नीट सांगतो.

खरं सांगू? नाताळच्या दिवशीच्या केकची चव मला आठवत नाही. त्या दिवशी सकाळपासून पाहुणे, नवे टोचणारे कपडे, आणि पोट आदल्या रात्रीपासूनच भरलेलं. मला आठवतात ते आधीचे पाच आठवडे. तेव्हा खायला परवानगी कशालाच नव्हती आणि घरभर वास मात्र सगळ्याचा होता.

आई, म्हणजे तुझी आजी, नोव्हेंबर सरता सरता बेदाणे, मनुका आणि संत्र्याच्या साली घेऊन बसायची. आम्ही पोरं देठं काढायचो. दहा देठांमागे एक बेदाणा तोंडात, हा हिशेब आमचा. आईला तो मान्य नव्हता. इंग्लंडात आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी घरोघरी पुडिंग ढवळायची जुनी रीत आहे, घरातला प्रत्येक जण पळी फिरवतो आणि मनात एक इच्छा धरतो, हे मी पुष्कळ पुढे वाचलं. आईनं ते ऐकलंही नसावं. पण भिजलेली फळं मुरायला चार-पाच आठवडे लागतात हे सगळ्या स्वयंपाकघरांना आपापलं कळतंच, त्यामुळे मुहूर्त जवळपास तोच निघायचा.

प्लम केकमध्ये प्लम कुठे असतात, यावरून मी एकदा रडून गोंधळ घातला होता. माझ्या तुकड्यातला प्लम थोरल्या भावानं खाल्ला अशी माझी पक्की खात्री होती. त्यात प्लम नसतातच! जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाही प्लमच म्हणत, ते नाव केकला चिकटलं ते चिकटलंच. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर भावाचा मार वाचला असता.

केकच्या रंगासाठी आई साखर जाळायची. तो पाऊण मिनिटाचा खेळ बघायला मी शाळेचा अभ्यास टाकून यायचो. कोरड्या पातेल्यात साखर आधी कडेनं ओली दिसू लागते, मग मधाच्या रंगाची होते, मग तांब्याच्या. इथवर वास गोड. तांब्याचा रंग काळपटला की वासात एक कडू टोक येतं आणि डोळे चुरचुरतात. नेमकं त्या क्षणी आई "सरक मागे!" म्हणून ओरडायची आणि उकळतं पाणी ओतायची. पातेलं फुत्कारायचं, तिचा चष्मा पांढरा व्हायचा. दोन श्वास उशीर झाला तर कोळसा, दोन श्वास आधी ओतलं तर केक फिका. घड्याळाकडे ती कधी बघायची नाही, नाकानं ठरवायची. (तू करशील तेव्हा लेकीला लांब उभी कर. साखरेचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, चिकटून बसतो.)

आता वाइन. नाव वाइन, पण द्राक्षांशी तिचं नातं बेदाण्यांपुरतंच. आलं ठेचून, दालचिनी-लवंग घालून आई पाणी उकळायची, साखर विरघळवायची, कोमट झालं की लिंबाचा रस, मूठभर बेदाणे आणि चिमूटभर यीस्ट. मग ते मोठ्या काचेच्या बरणीत, तोंडावर फडकं, आणि बरणी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बरणीत नाच सुरू व्हायचा. तळाशी पडलेल्या बेदाण्याला बारीक बारीक बुडबुडे चिकटायचे, तो डुलत डुलत वर यायचा, पृष्ठभागाला टेकला की बुडबुडे फुटायचे आणि स्वारी पुन्हा खाली. एक वर, दोन खाली, तीन मध्येच अडकलेले. मी बरणीला नाक लावून तासन् तास बसायचो, त्यांना नावं द्यायचो, शर्यती लावायचो. यीस्ट साखर खातं, त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि तो वायू बेदाण्याच्या सुरकुत्यांत अडकतो. शाळेत हे शिकवलं तेव्हा पूर्ण वर्गात एकट्या मलाच ते आधीपासून ठाऊक होतं.

माझ्या त्या प्रतापाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण आजी होती तोवर ती तिच्यासमोर निघायला नको होती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रोज रात्री सगळे झोपले की मी फडकं सोडून एक चमचा वाइन आणि दोन बेदाणे लांबवायचो. पातळी उतरलेली दिसू नये म्हणून वरून चमचाभर पाणी. चौथ्या-पाचव्या रात्री वाटलं, फडकं सोडलं की वास घरभर जातो, आपण पकडले जाणार. बरणीचं पत्र्याचं झाकण फळीवर होतं. ते मी शोधून काढलं आणि सगळा जोर लावून घट्ट फिरवलं. वर फडकं पहिल्यासारखं बांधलं. काय हुशारी!

दुसऱ्या रात्री मी चोरीला गेलोच नाही, झोप लागली. पहाटेच्या सुमारास फाट्कन आवाज झाला. वडील काठी घेऊन धावले. स्वयंपाकघरात काचा, भिंतीवर छतापर्यंत तपकिरी फराटा, जमिनीवर चिकट तळं आणि त्यात ओले बेदाणे. वायूला बाहेर पडायला जागा राहिली नव्हती, दुसरं काय होणार? देवाची कृपा की त्या वेळी कोपऱ्यात कुणी नव्हतं. आई खाली वाकली, काचांतून ते वाकडं झालेलं झाकण उचललं, फिरवून बघितलं आणि माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली नाही. सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. त्या वर्षी पाहुण्यांना लिंबाचं सरबत मिळालं आणि मला घसा दुखतो म्हणून तेही नीट गिळवेना. (घसा दुखत नव्हता.)

पुढच्या वर्षी नवी बरणी भरली. आईनं मला हाक मारली आणि म्हणाली, "रोज रात्री झोपण्याआधी फडकं सैल आहे का बघायचं, एक चमचा चव घ्यायची आणि मला सांगायची. तुझं काम." तेव्हापासून चोरी बंद. करणार तरी काय, तीच नोकरी झाली ना! एकवीस रात्री मी रोज वर्दी दिली: आज नुसतं गोड, आज घशाला लागतंय, आज गोडी कमी झाली. तो चमचा अजून जिभेवर आहे.

आगमनकाळ मुळात उपासाचा, म्हणून तर सगळं पंचवीस तारखेपर्यंत झाकून ठेवायचं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या बाजूला त्या काळात लोणीसुद्धा वर्ज्य होतं, त्यांचा नाताळचा स्टोलन (सुका मेवा घातलेला गोड पाव) तेलात मळावा लागे आणि बेचव होई. तिथल्या राजघराण्यानं थेट पोपकडे गाऱ्हाणं नेलं. शेवटी 1491 साली आठव्या इनोसंट पोपनं लोण्याची मुभा देणारं पत्र पाठवलं. उपासात चव मिळावी म्हणून रोमपर्यंत पत्रं जातात, मग माझे दोन बेदाणे कुठल्या झाडाचा पाला.

चोवीसच्या रात्रीची एकच गोष्ट मात्र त्या दिवसाची म्हणून आठवते. मध्यरात्रीची उपासना आटोपून गारठून घरी यायचं आणि आई अंडं घातलेलं गरम, दाट दूध करायची, वर जायफळ. ते लेकीला नक्की दे. अंड्याचा बलक साखरेबरोबर घोट, गरम दूध थोडं थोडं ओत, मग मंद आचेवर सतत ढवळ. 71 अंशांपर्यंत जाऊ दे, म्हणजे अंडं कच्चं राहत नाही. चमच्याच्या पाठीवर थर बसला की उतरव. उकळी आली तर दूध फाटल्यासारखं होऊन अंड्याच्या गुठळ्या होतील. आईचंही एकदा झालं होतं, गाळून दिलं, आम्ही प्यालो.

तर प्रमाण: तीन लिटर पाणी, एक किलो साखर, पाव किलो आलं, दालचिनीचे दोन तुकडे, सहा-सात लवंगा, तीन लिंबं. लेकीसाठी यीस्ट घालूच नकोस, मद्यार्क तयार होतो. नुसतं उकळून, गाळून, गार करून फ्रिजमध्ये ठेव. हौस म्हणून मोठ्यांसाठी यीस्टची करणार असशील तर काचेची बाटली गच्च बंद करू नकोस. मी हल्ली प्लॅस्टिकची बाटली घेतो. बोटानं दाबून बघायची. दगडासारखी कडक लागली की झाकण हळूच सैल करायचं, फुस्स झालं की पुन्हा लावायचं.

दाबून बघायचं काम तिला दे. चव घ्यायला तिची वेगळी, बिनयीस्टची बाटली ठेव. नोव्हेंबरातच सुरू कर. आणि फ्रिजमधल्या बाटलीची पातळी मध्येच पाण्यानं वाढलेली दिसली, तर काही बोलू नकोस, मला फोन कर.

तुझा,
बाबा