लूत म्हणजे एकच रोग नव्हे

मा. संपादक,
स. न.

केस झडलेले, कातडी जाड झालेले कुत्रे दिसले की ‘लूत लागली आहे, जवळ जाऊ नका’ असे सांगून आपण मोकळे होतो. पण या एका शब्दात आपण किमान दोन वेगळे रोग कोंबतो आणि उपचारांतली गफलत तिथेच सुरू होते.

सार्कोप्टीस या आठ पायांच्या सूक्ष्म माइटमुळे, म्हणजे गोचिडीच्या कुळातल्या परजीवीमुळे, होणारी लूत संसर्गजन्य असते. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणून अंडी घालते, सुमारे तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते आणि कानांच्या कडा, कोपर व पोट खाजवून कुत्रे बेजार होते. मांजरांत नोटोएड्रीस हा सार्कोप्टीसचाच भाऊबंद माइट कान आणि डोक्यापासून सुरुवात करतो. डेमोडेक्सची गोष्ट निराळी. हा माइट केसांच्या मुळाशी राहतो, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून पिल्लाकडे येतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर थोड्या संख्येने असतोच. प्रतिकारशक्ती कमी पडली तरच तो फोफावतो. कुत्र्यांतला हा रोग माणसाला होत नाही. आमच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, तेव्हा ते पिल्लू सोडून देण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, आणि खरे तर आम्हालाही नव्हते.

म्हणूनच आधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. डेमोडेक्स बहुधा सापडतो. सार्कोप्टीस मात्र अनेकदा हुलकावणी देतो, त्यामुळे अहवालात काही आढळले नाही तरी लक्षणांवरून पशुवैद्य उपचार सुरू करतात, ते योग्यच आहे. निदानाआधीच खाज थांबवायला स्टिरॉइड दिले, तर डेमोडेक्स आणखी बळावतो. जळके इंजिन ऑइल चोपडण्याचा उपाय तर निव्वळ क्रूर आहे, कारण जनावर ते चाटते आणि विष पोटात जाते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराला लावल्यास ते जिवावर बेतू शकते. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची मोठी मात्रा सोसत नाही.

सार्कोप्टीसमुळे घरातल्या माणसांनाही पुरळ व खाज येते, पण कुत्र्यावरचा हा माइट माणसाच्या कातडीवर वंश वाढवू शकत नाही. कुत्रे बरे झाले की ती खाज सहसा आपोआप जाते. मात्र त्यासाठी संपर्कातल्या सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात आणि त्यांची अंथरुणेही गरम पाण्याने धुवावी लागतात.

आपला,
एक वाचक